जुना छताचा पंखा : जपायचं ते बदलू नका, बदलायचं ते जपू नका

जुन्या छताच्या पंख्यांचा नाद लागलेल्या माणसाच्या बहुतेक चुका एकाच उलट्या हिशेबातून होतात. नावाची पट्टी, मूळ पाती, मूळ कप (दांड्याच्या टोकांना झाकणाऱ्या वाट्या), मूळ रंग या गोष्टी पुन्हा कधी मिळणार नसतात, आणि पंखा घरी आल्या आल्या आपण पॉलिश पेपर घेऊन नेमके त्यांच्यावरच तुटून पडतो. उलट वाळलेल्या वायरी, जुना कपॅसिटर, हुकावरचा रबर या गोष्टी कसलीही माया न ठेवता काढून टाकायच्या असतात, तर त्या ‘ओरिजिनल आहेत’ म्हणून आपण जपतो. एवढं उलटं गणित सुलटं केलं तरी निम्मं काम झालं.

पट्टी न वाचता पैसे देणं

मोटरच्या अंगावर किंवा वरच्या बाजूला रिव्हेटने ठोकलेली छोटी धातूची पट्टी हा पंख्याचा जन्मदाखला. व्होल्टेज, करंटचा प्रकार, सायकल्स (म्हणजे विजेची वारंवारता), फेरे, अनुक्रमांक आणि बऱ्याचदा पेटंटच्या तारखा त्यावर असतात. धूळ आणि जुन्या रंगाखाली ती दिसत नसेल, तर ओल्या मऊ फडक्याने हलकेच पुसा. खरवडू नका. अक्षरांच्या खाचांत भरलेला रंग नखानेही निघतो.

पेटंटच्या तारखेवरून पंख्याचं वय ठरवणं ही संग्राहकांची फार जुनी चूक. विजेवर चालणारा छताचा पंखा फिलिप डील यांनी 1880 च्या दशकात शिवणयंत्राच्या मोटरवरून घडवला, आणि त्या काळच्या तारखा दिसल्या की विकणारा लगेच पंख्यालाही तेवढाच जुना ठरवतो. पट्टीवरची सर्वांत अलीकडची पेटंट तारीख एवढंच सांगते की पंखा त्याच्या आधीचा नाही. नंतरचा कितीही असू शकतो. सायकल्सच्या जागी हर्ट्झ लिहिलेलं असेल तर पंखा बहुधा बराच अलीकडचा, कारण हर्ट्झ हे एकक एसआय या आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत 1960 मध्ये आलं.

व्होल्टेजकडे दुर्लक्ष केलं तर नुकसान लगेच दिसतं. जुन्या काळात अनेक शहरांत डीसी पुरवठा होता आणि त्यासाठी कार्बन ब्रश व कॉम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो फिरता तांब्याचा भाग) असलेले पंखे बनत. असा पंखा घरच्या एसीवर लावला तर फिरण्याऐवजी तापतो, कारण त्याच्या लोखंडी गाभ्याचे पोल कित्येकदा पत्र्यांच्या थराचे नसून सलग असतात. रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) लावून तो चालवता येतो, पण हिशेब नीट करा. 230 व्होल्ट एसी रेक्टिफाय करून पुढे मोठा फिल्टर कपॅसिटर ठेवला, तर बिनभाराचा डीसी 325 व्होल्टच्या आसपास जातो. 220 व्होल्टच्या जुन्या वाइंडिंगला (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीला, म्हणजेच कॉइलला) तो झेपत नाही. आणि एसी पंखा डीसीवर लावायचा विचारही करू नका. तिथे करंट अडवायला वाइंडिंगचा तेवढा रोधच उरतो, आणि कॉइल जळते.

60 सायकलचा पंखा 50 सायकलवर चालवतानाही लोक फसतात. ट्रान्सफॉर्मर लावून पट्टीवरचे 110 व्होल्ट दिले म्हणजे झालं असं वाटतं. पण वारंवारता कमी झाली की गाभ्यातला चुंबकीय भार वाढतो, करंट वाढतो आणि मोटर तापते. व्होल्टेजही त्याच प्रमाणात, म्हणजे पाच-षष्ठांश करावं लागतं. 110 च्या जागी साधारण 92. पंखा थोडा हळू फिरेल, पण टिकेल.

दोन मिनिटं फिरवून दाखवलेल्या पंख्यावर विश्वास

दोन मिनिटं कुठलाही पंखा फिरतो. किमान तासभर चालू द्या. मग वीज तोडून मोटरच्या अंगाला हात लावा. कोमट असेल तर ठीक, पण हात टेकवून ठेवता येत नसेल तर आत काहीतरी बिघडलेलं आहे. जळक्या वार्निशचा वास आला तर भाव कितीही पाडला तरी कॉइल भरण्याचा, म्हणजे नव्या तारेने पुन्हा गुंडाळण्याचा, खर्च मनात धरूनच बोला.

बंद पंख्यावर आणखी चार गोष्टी बघा. मोटर दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आडवी हलवा. खुट्ट आवाज करत हलली तर बेअरिंग गेलंय. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या, चुरगळलेल्या असतील तर पंखा आधी कुणीतरी घाईत उघडलाय. पितळी दिसणाऱ्या भागांना लोहचुंबक लावा. चिकटला तर पत्र्यावर मुलामा आहे. चिकटला नाही म्हणून पितळच असं मात्र समजू नका. जस्ताच्या जुन्या मिश्रधातूचे ओतीव भागही चुंबकाला दाद देत नाहीत, आणि त्यातले काही काळानुसार आतून फुगतात, त्यांना बारीक जाळीदार तडे जातात आणि हातात तुकडे येतात. असा भाग पंख्याचं वजन पेलणारा असेल तर तो पंखा फक्त शोभेचा.

पाती आणि कप मूळचे आहेत का हेही आधीच बघायचं. मोटर शोधून मिळते. तिच्या मापाचे, त्याच नक्षीचे कप मिळता मिळत नाहीत. वरचा कप नसलेला पंखा ‘बाकी सगळा पूर्ण आहे’ म्हणून विकला जातो, आणि तो एक कप शोधण्यात वर्षं जातात.

जुन्या वायरी जपणं

सगळ्यात जास्त मन अडकतं ते इथे. सुती वेणीची, आत रबर असलेली मूळ वायर दिसायला सुरेख असते, आणि ती तशीच ठेवावी असं कुणालाही वाटेल. पण त्या वेणीच्या आतलं रबर कधीच मेलेलं असतं.

छताच्या पंख्यात बाहेरचं आवरण फिरतं आणि कॉइल आत स्थिर असते. तिच्या वायरी मधल्या पोकळ शाफ्टमधून वर येतात. शाफ्टच्या तोंडाशी जिथे वायर वळते तिथे विजेरी धरून बघा. वेणी वरून शाबूत दिसते, पण वायर किंचित वाकवली की आत काचेसारखा करकर आवाज येतो आणि काळा चुरा खाली पडतो. ते रबर. त्या जागी उघडी तार शाफ्टच्या लोखंडी कडेला जवळजवळ टेकलेली असते. कड पुसली तर तिथे हिरवट पडलेल्या तांब्याचा डाग सापडतो. पंखा वर्षानुवर्षं थोडा थोडा थरथरत राहिला की एक दिवस तार लोखंडाला लागते, आणि अख्खा पंखा, दांडा, हूक यांच्यात वीज उतरते. जुन्या पंख्याला बहुधा अर्थिंगची वायर नसतेच, त्यामुळे फ्यूजही उडत नाही. पुसायला शिडीवर चढलेल्या माणसालाच ते कळतं.

म्हणून वायरी बदलायच्याच. कॉइलच्या टोकापासून, उष्णता सहन करणाऱ्या नव्या वायरी, शाफ्टच्या तोंडाशी फायबरची नळी घालून. दिसण्याचा सोस असेल तर सुती वेणीच्या नव्या वायरी मिळतात. जुना तुकडा नमुना म्हणून पाकिटात घालून ठेवा. आणि मोटरच्या अंगाला अर्थिंगची वायर पक्की करा. रंगावर बसवलेला स्क्रू अर्थिंग देत नाही. खालचा धातू उघडा करून बसवा आणि शेवटी मीटरने दांड्यापासून मोटरपर्यंत जोडणी तपासा.

वीज देण्याआधी मेगर (जास्त व्होल्टेजवर इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावा. साधा मल्टिमीटर अगदी कमी व्होल्टेजवर मोजतो, म्हणून दमट, कुजलेलं इन्सुलेशनही त्यावर ठणठणीत दिसतं. 500 व्होल्टच्या मेगरवर कॉइल आणि अंग यांच्यात एक मेगाओहमही येत नसेल तर पंखा लावू नका. मंद उबेत, एखाद्या दिव्याच्या उष्णतेत, दोन-तीन दिवस वाळवून पुन्हा मोजा. पुष्कळदा नुसता दमटपणाच असतो, आणि लोक घाईने चांगली कॉइल कापून टाकतात.

कॉइल भरावीच लागली तर जुनी कापण्याआधी प्रत्येक खाचेतले फेरे, तारेची जाडी, जोडणीचा क्रम सगळं लिहून घ्या, फोटो काढा. कारागीर कितीही अनुभवी असो, जुन्या मोटरला हल्लीच्या पंख्याचं गणित लागू पडत नाही.

जास्तीचा कपॅसिटर लावून वेग वाढवणं

कपॅसिटरवर चालणाऱ्या 230 व्होल्टच्या पंख्यांत साधारण 2.25 ते 3.15 मायक्रोफॅरडचा, 440 व्होल्टचा कपॅसिटर असतो. मूळ आकडा मिळाला तर तोच लावा. मोठा लावल्याने काही वेळा वेग थोडा वाढतो, पण सहायक वाइंडिंग तापतं आणि काही महिन्यांत जळतं. शिवाय सगळ्याच जुन्या पंख्यांना कपॅसिटर नसतो. पोलच्या कोपऱ्यात तांब्याची जाड कडी बसवलेली दिसली तर ती शेडेड पोल मोटर आहे. तिला कपॅसिटर जोडण्याचं कारणच नाही.

जुना धातूच्या डब्यातला तेलाचा कपॅसिटर फोडू नका. त्यात पीसीबी हे विषारी तेल असू शकतं. त्याच्या उत्पादनावर अमेरिकेत 1979 मध्ये बंदी आली. गळत असेल तर हातमोजे घालून पिशवीत बंद करा आणि घातक कचऱ्यात द्या. जुन्या तारेच्या रेग्युलेटरमधला पांढरट तंतूंचा पत्राही असाच हाताळा. तो अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो, घासायचा नाही.

सगळीकडे एकच तेल

गंजलेला नट सोडवायचा स्प्रे हे वंगण नव्हे. तो बेअरिंगमधलं उरलंसुरलं ग्रीस धुऊन काढतो आणि आठवड्याभरात घरघर सुरू होते. बॉल बेअरिंग असेल तर त्याच्या कडेवर कोरलेला क्रमांक वाचून तेच नवं घाला, आणि बसवताना हातोडीने थेट ठोकू नका. शाफ्टवर घट्ट बसतंय की मोटरच्या अंगातल्या खोबणीत, त्यानुसार घट्ट बसणाऱ्याच कड्यावर (शाफ्टवर असेल तर आतल्या, खोबणीत असेल तर बाहेरच्या) दाब यायला हवा. तेलाच्या वाटीत चालणारे पंखे वेगळे. त्यांना पातळ, डिटर्जंट नसलेलं तेल लागतं, ग्रीस चालत नाही. असा पंखा नेताना तेल आधी काढून घ्या. उलटा झाला की ते सरळ कॉइलमध्ये उतरतं.

रंग आणि पितळ

मूळ रंग फिका असला तरी तो मूळ आहे. आधी कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. मग थोडं मेण. एवढ्यानेच निम्मे पंखे बघण्यासारखे होतात. वरून कुणी घराच्या रंगाचे थर दिले असतील तरच काढायला घ्या, आणि तेव्हाही कोरडं घासू नका, कारण जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी आहे. ओलं घासा, योग्य मास्क लावा, मुलं आसपास नकोत.

बफिंगच्या चाकावर पितळ दिलं की ते लखलखतं, पण नक्षीच्या कडा गोल होतात आणि मुलाम्याचा भाग असेल तर खालचा पत्रा वर येतो. पट्टीला चाक लागलं की अक्षरं गेली. ती परत येत नाहीत, आणि नवी छापून लावलेली पट्टी जाणकाराला लांबूनच कळते.

पात्यांची अदलाबदल

पाती कारखान्यात वजन जुळवून संचात येत. काढण्याआधी प्रत्येक पातं आणि त्याचा हात (पातं मोटरला जोडणारा धातूचा तुकडा) यांना खडूने क्रमांक द्या. काहींवर तो मागे ठोकलेलाही असतो. एक पातं दुसऱ्या पंख्याचं लावलं तर वजनात आणि पीळात फरक पडतो आणि पंखा डुलतो. डुलणाऱ्या पंख्याचं पातं हाताने वाकवू नका. आधी खोलीतल्या एका ठरावीक जागेपासून प्रत्येक टोकाचं अंतर मोजा. एक टोक वेगळं आलं तर दोष बहुधा त्याच्या हातात किंवा स्क्रूत असतो. सगळी सारखी आली तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाती तोला. लाकडी पात्यांना नवं वार्निश देताना दोन्ही बाजूंना सारखं द्या, नाहीतर ती पिळतात.

टांगताना आणि पहिल्यांदा चालवताना

ओतीव लोखंडाचे काही जुने पंखे 20 किलोच्या पुढे भरतात. आजच्या हलक्या पंख्यासाठी घातलेला हूक त्यांना पुरत नाही. हुकावरचा रबर नवा घाला, दांड्याच्या बोल्टला नवी स्प्लिट पिन घाला. वापरलेली पिन सरळ करून पुन्हा वाकवायची नाही. मोटरपासून छतापर्यंत वेगळी स्टीलची दोरी द्या. पाती जमिनीपासून किमान 2.1 मीटर उंच हवीत. अनेक जुन्या पंख्यांचा दांडा लांब असतो, तेव्हा आधी मोजा.

पहिल्यांदा चालवताना 100 वॉटचा साधा बल्ब पंख्याच्या ओळीत जोडा. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि पंखा वाचतो. पंखा नुसता गुणगुणतो पण फिरत नाही, आणि वीज तोडून पात्याला धक्का देऊन पुन्हा चालू केल्यावर फिरू लागतो, तर कपॅसिटर गेलाय किंवा एक वाइंडिंग तुटलंय. उलटा आणि दम नसल्यासारखा फिरला तर कपॅसिटर चुकीच्या वाइंडिंगला लागलाय. पूर्ण वेगावर शांत आणि कमी वेगावर गुणगुण असेल तर मोटर उघडू नका, दोष बहुधा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा आहे. टप्प्याचा कपॅसिटर रेग्युलेटर लावून बघा. शेडेड पोल मोटरला मात्र कुठलाही नवा रेग्युलेटर देण्याआधी ती रेग्युलेटरशिवाय तासभर चालवून तिचं तापमान बघून ठेवा, म्हणजे नंतर ती जास्त तापली तर कारण कुठे शोधायचं ते कळेल.