सायटेशन मोजण्याआधी नोंद तपासा: संगणकशास्त्रातल्या संशोधकांनो, या चुका टाळा

कॅसची, म्हणजे प्राध्यापकांच्या बढती योजनेची, फाइल भरायची वेळ आली की तरुण सहकारी विचारतात, "मॅडम, एच-इंडेक्स वाढवायला काय करू?" हा आकडा सायटेशनवरून, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांच्या दिलेल्या संदर्भांवरून, निघतो. पण ज्या ऑनलाइन नोंदीवरून तो निघतो ती बरोबर आहे का, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. खरं काम तिथून सुरू होतं.

गुगल स्कॉलरवर सगळं सोडून देणं

प्रोफाइल उघडताना गुगलची ही पेपर शोधून देणारी सेवा तुमच्या नावाशी जुळणारे पेपर पुढे करते आणि घाईत सगळ्यांवर टिक केली जाते. आडनाव पाटील, कुलकर्णी किंवा जाधव असेल आणि नावाचं एकच आद्याक्षर छापलेलं असेल, तर दुसऱ्याचे पेपर हमखास आत येतात. पुढची भर आपोआप पडू दिली की ते वाढतच जातात.

एका निवड समितीत मी होते. उमेदवाराचं काम इमेज प्रोसेसिंगमधलं, चांगलं आणि मेहनतीचं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी समोरच त्याचं प्रोफाइल उघडलं. सर्वाधिक सायटेशनचा पेपर निघाला पॉलिमर रसायनशास्त्राचा, त्याच आद्याक्षराच्या दुसऱ्या कुणाचा. "हा माझा नाही," असं त्याने लगेच सांगितलं, पण फाइलमधली सायटेशनची बेरीज त्या पेपरसकट लिहिलेली होती. मग प्रत्येक पेपरवर शंका आली आणि फाइल परत गेली. माणूस प्रामाणिक होता, म्हणून मला ते फार लागलं.

सेटिंगमध्ये आपोआप भर घालण्याऐवजी ईमेलने विचारण्याचा पर्याय निवडा. मी दर सत्राच्या शेवटी यादी वरपासून खालपर्यंत वाचते आणि परके पेपर काढून टाकते. अर्काइव्ह या, छापण्याआधीचे पेपर ठेवण्याच्या साइटवरची प्रत आणि कॉन्फरन्समधली प्रत वेगळ्या दिसत असतील तर दोन्ही निवडून 'मर्ज' करते. एच-इंडेक्स 8 म्हणजे किमान 8 पेपर, प्रत्येकाला किमान 8 सायटेशन. 9 सायटेशनचा पेपर 5 आणि 4 असा दोन नोंदींत फुटला, तर त्या 8 मध्ये तो धरलाच जात नाही.

दर पेपरला नवं नाव

एकदा आद्याक्षरं, एकदा वडिलांच्या नावासकट, लग्नानंतर नवं आडनाव. पहिल्या पेपरलाच नाव ठरवा आणि तेच चालवा. नाव बदललंच असेल तर ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा 16 अंकी ओळखक्रमांक, सगळीकडे जोडा. जर्मनीतल्या ट्रियर इथे 1993 मध्ये सुरू झालेलं डीबीएलपी हे संगणकशास्त्राच्या पेपरांचं सूचीस्थळ एकाच नावाच्या संशोधकांपुढे 0001, 0002 असे आकडे लावतं. तिथे तुमचे पेपर दुसऱ्याच्या पानावर गेले असतील तर त्यांना कळवा, ते दुरुस्त करतात.

"सात दिवसांत स्कोपस"

व्हॉट्सअ‍ॅपवर अशा, स्कोपस या निवडक जर्नलांच्या सूचीत पेपर आणून देण्याच्या, जाहिराती येतात आणि पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातली मुलं पैसे भरून मोकळी होतात. मला याचा मनापासून राग आहे. एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी 2005 मध्ये सायजेन नावाचा प्रोग्रॅम केला, तो संगणकशास्त्राचे निरर्थक पेपर तयार करतो. फ्रान्सच्या सिरिल लाबे यांनी तोच वापरून आइक अँटकेअर नावाचा काल्पनिक संशोधक उभा केला आणि 2010 मध्ये दाखवलं की स्कॉलरच्या हिशेबाने त्याचा एच-इंडेक्स 94 भरतो! पुढे लाबे यांनीच असे निरर्थक पेपर खऱ्या प्रकाशनांतही शोधले, आणि 2014 मध्ये स्प्रिंगर आणि आयईईई या प्रकाशकांना 120 हून अधिक पेपर काढावे लागले. आकडा इतका सहज फुगतो, म्हणून समितीत बसलेला जाणकार आधी पेपर कुठे छापला ते पाहतो.

जर्नलच्या वेबसाइटवरच्या 'स्कोपस इंडेक्स्ड' शिक्क्यावर विसंबू नका. स्कोपसच्या स्वतःच्या यादीत जर्नलचा आयएसएसएन क्रमांक टाका, नोंद अजून चालू आहे का ते पाहा, आणि प्रकाशकाच्या पानावरून जर्नलपर्यंत जा, कारण नामांकित जर्नलच्या नकली वेबसाइटही असतात. यूजीसीने 2025 मध्ये केअर ही मान्य जर्नलांची यादी बंद केल्यापासून ही तपासणी आपल्याच गळ्यात आहे.

कॉन्फरन्सला कमी लेखणं

आपल्याकडे जर्नल म्हणजे मोठं, कॉन्फरन्स म्हणजे दुय्यम, असं फॉर्म भरणाऱ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. संगणकशास्त्रात ते चालत नाही. आजच्या भाषा मॉडेलांमागच्या ट्रान्सफॉर्मरचा पेपर 2017 मध्ये निप्स कॉन्फरन्समध्ये आला, चित्रं ओळखणाऱ्या रेझनेटचा 2016 मध्ये सीव्हीपीआर कॉन्फरन्समध्ये. अर्थात नाव आंतरराष्ट्रीय आणि हजर शेजारच्या चार कॉलेजांचे लोक, अशा कॉन्फरन्सला हे लागू नाही.

आणखी काही

जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) तुमच्या पेपरचा म्हणून लिहू नका.

स्कॉलरचा आणि स्कोपसचा एच-इंडेक्स वेगळा येतो. कुठला आहे आणि कुठल्या तारखेचा, ते शेजारी लिहा.

मित्रांनी एकमेकांना सायटेशन द्यायचा करार करू नका. नावं पुन्हा पुन्हा तीच येतात आणि चटकन ओळखू येतात.

सैद्धांतिक संगणकशास्त्रात लेखकांची नावं बहुधा आडनावाच्या वर्णानुक्रमाने येतात. समितीला ते माहीत नसेल तर पहिल्या लेखकाचे गुण जातात. अशा पेपरसमोर 'लेखक वर्णानुक्रमे' एवढं लिहून द्या.