लाल दिवा लुकलुकतो, टीव्ही सुरू होत नाही: माझा अनुभव

घरातला जुना ३२ इंची एलसीडी. बटण दाबलं की लाल दिवा लुकलुकणार, आतून टिकटिक, पडदा काळाच. नाशिकच्या थंडीत सकाळी तर हमखास. दुपारी कसाबसा लागायचा. रिमोटचे सेल बदलले, सॉकेट बदललं, फरक शून्य. मेकॅनिक म्हणाला, अख्खा बोर्ड बदला. डोकंच फिरलं.

गार असताना अडतो, तापल्यावर चालतो, म्हणजे संशय पॉवर बोर्डवरच्या (टीव्हीला वीज पुरवणाऱ्या सर्किटवरच्या) कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांवर.

प्लग काढून टीव्ही रात्रभर तसाच ठेवला. सकाळी गादीवर पालथा घालून मागचं कव्हर उघडलं. आधी ४५० व्होल्टच्या मोठ्या कपॅसिटरवर मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावून व्होल्टेज शून्य झाल्याची खात्री केली. हे टाळू नका, प्लग काढल्यावरही तो जबर झटका देऊ शकतो. आउटपुटच्या बाजूला १००० मायक्रोफॅरड (वीज साठवायच्या क्षमतेचं माप), १० व्होल्टचे दोन कपॅसिटर होते, टोपी फुगून वर आलेली. एम. जी. रोडवरून तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, पण २५ व्होल्ट, १०५ अंशांपर्यंत तापमान सोसणारे, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले) आणले. व्होल्ट वाढले की आकारही वाढतो, तेव्हा जागा मोजून जा. जुने काढण्याआधी फोटो घेतला. कपॅसिटरवरच्या पट्ट्याची बाजू मायनस. उलटा लागला तर फुटतो. नवे सोल्डरिंगचा डाग देऊन जोडले, उरलेले पाय कापले, बोर्ड बसवला.

आता गारठ्यातही पहिल्याच दाबाला लागतो. खर्च? मेकॅनिकच्या व्हिजिट चार्जपेक्षाही कमी.