सातारा-सांगलीच्या मुलीने ज्युदोत कारकीर्द कशी घडवावी

महिला कुस्ती आता आपल्याकडे घरोघरी ठाऊक झाली आहे, कारण पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीतच झाली आणि ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने जिंकली. ज्युदोकडे वळणाऱ्या मुलींपैकी अनेकींना घरातून किंवा गावच्या तालमीतून कुस्तीची ओळख असते. ती ओळख उपयोगी पडते, पण काही सवयी आधी मोडाव्या लागतात.

सुरुवात पडण्यापासून करावी. तोल गेला की हात टेकून सावरावेसे वाटते आणि त्यातच मनगट किंवा कोपर जाते. म्हणून मागे पडताना हनुवटी छातीला लावून डोके वर धरणे आणि अंगापासून थोडा दूर ठेवलेला हात तळव्यापासून कोपरापर्यंत एकदम तातामीवर (ज्युदोच्या चटईवर) आपटणे, हे अंगवळणी पडेपर्यंत मुलीला फेकीच्या सरावात उतरवू नये. ज्या वर्गात पहिल्याच आठवड्यात डाव शिकवतात, तेथे पालकांनी अवश्य विचारणा करावी.

यानंतर पकड. कुस्तीत अंगाला भिडायचे असते. ज्युदोत आधी जाड जाकिटाची कॉलर आणि बाही हाती यावी लागते. बाही धरताना जोर करंगळी आणि अनामिकेत ठेवावा, म्हणजे मनगट मोकळे राहते आणि प्रतिस्पर्ध्याला खेचता येते. धोबीपछाड जाणणारी मुलगी ‘सेओई नागे’ लवकर उचलते, कारण दोन्हींत प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊनच फेकायचे असते. मात्र उभ्या लढतीत हाताने पाय धरण्यास मनाई असल्याने पट काढण्याची सवय येथे थेट शिक्षा ओढवून घेते, आणि तीन शिदो (सौम्य दंड) झाले की लढत हातची जाते. कुस्तीतून आलेल्या मुलीसाठी हा बदल सर्वांत कठीण असतो, त्यामुळे प्रशिक्षकाने तिला घाई करू नये.

वजनगटाबाबत माझे मत ठाम आहे: वाढत्या वयातील मुलीला पदकासाठी उपाशी ठेवू नये. मणिपूरची लिंथोई चनाम्बम २०२२ मध्ये ५७ किलो गटात कॅडेट (१८ वर्षांखालील) विश्वविजेती झाली. कोणत्याही वयोगटात ज्युदोचे विश्वविजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय. पुढे कनिष्ठ गटात तिने ६३ किलोत कांस्यपदक मिळवले. शरीर वाढले की गट बदलावा, हेच शहाणपणाचे. पाणी तोडून वजन उतरवल्यास लढतीच्या चार मिनिटांत दम टिकत नाही, आणि सतत कमी खाल्ल्याने पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर तो डॉक्टरकडे जाण्याचा इशारा समजावा. बाजरीची भाकरी, उसळ, दूध, शेंगदाणे आणि परवडत असल्यास अंडी, एवढा घरचा आहार पुरेसा भक्कम आहे.

स्पर्धांची वाट शालेय क्रीडा स्पर्धांतून जाते: जिल्हा, कोल्हापूर विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. खेलो इंडिया युवा स्पर्धेतही ज्युदो आहे. वरिष्ठ गटात यायला वर्षे लागतात आणि टिकायलाही. सुशीला देवी लिकमाबाम हिने राष्ट्रकुल स्पर्धेत २०१४ साली ४८ किलोत रौप्य जिंकले आणि आठ वर्षांनी, २०२२ साली, त्याच गटात पुन्हा रौप्य मिळवले. मधल्या काळात ती टोकियो ऑलिंपिकमध्येही खेळली. जपानची र्‍योको तानी तर १९९२ ते २००८ अशा पाच ऑलिंपिकमध्ये ४८ किलो गटातच पदके जिंकत राहिली. म्हणून चौदाव्या वर्षीच्या पराभवावरून मुलीचा खेळ थांबवणे अन्यायाचे आहे.

गुडघ्याची दुखापत या खेळात कारकीर्द अडवते. मांडी आणि नितंबाचे व्यायाम नियमित हवेत, आणि गुडघा सुजला असेल तर चिकटपट्टी बांधून मॅटवर उतरू नये. सर्दी-खोकल्याचे औषधही उत्तेजक द्रव्यांच्या यादीशी ताडून मगच घ्यावे.

प्रत्येक स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र जपून ठेवावे आणि त्यावरील नाव व जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते का, हे त्याच दिवशी पाहावे. दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि राज्य शासनाच्या नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण यांसाठी हेच कागद तपासले जातात, आणि त्यांतील चूक पुढे दुरुस्त करून घेणे फार जिकिरीचे असते.