गणिताच्या शिक्षकांना मदत करताय? आधी या चुका टाळा

शाळाभेट संपते आणि शेरेबुकात ओळी पडतात: ‘अध्यापन समाधानकारक. शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा. मागे पडलेल्या विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष द्यावे.’ खाली सही, तारीख. हा शेरा इतिहासाच्या तासालाही चालेल आणि चित्रकलेच्याही. सातवीला गणित शिकवणाऱ्या बाईंनी उद्या नेमकं काय वेगळं करायचं, हे मात्र त्यातून कळत नाही.

सहावी ते आठवीच्या गणित शिक्षकांना मदत करणारे केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या एका गटाचे, म्हणजे केंद्राचे, अधिकारी), साधनव्यक्ती (शिक्षकांना विषयात मदत करायला नेमलेली माणसं), मुख्याध्यापक, संस्थांचे कार्यकर्ते आणि ‘तुमचं गणित चांगलं आहे, जरा नव्या सरांना बघा’ म्हणून पुढे ढकलले गेलेले ज्येष्ठ शिक्षक, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. माझं गाऱ्हाणं एकच आहे. आपण या शिक्षकांशी हजेरी, उपक्रम, फोटो, लिंका, निकाल अशा सगळ्या विषयांवर बोलतो, फक्त गणितावर बोलत नाही.

पहिलीचं औषध सातवीला

निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं. त्याचं लक्ष्य तिसरीपर्यंतचं वाचन आणि संख्याज्ञान हे आहे. ते योग्यच आहे, पण त्यामुळे प्रशिक्षणं, साहित्य आणि शाळाभेटींतले प्रश्न सगळे लहान वर्गांकडे झुकले. मग तीच पद्धत वरच्या वर्गात नेली जाते. सहावी-सातवीच्या शिक्षकाला ‘दशक-सुट्टे वापरा, काड्यांचे गठ्ठे वापरा’ असं सांगितलं जातं आणि त्याच्या पुढ्यात असतात ऋण संख्या, अपूर्णांकांचा भागाकार, बैजिक राशी आणि व्यस्त प्रमाण. यातलं काहीच काड्यांच्या गठ्ठ्यात मावत नाही.

दुसरी बाजूही खरीच आहे. असर या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या आठवीच्या सुमारे ४६ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. म्हणजे शिक्षकाच्या वर्गात दोन वर्ग एकत्र बसलेले असतात. काहींना भागाकार हवा असतो, काहींना समीकरणं. आणि छोट्या शाळेत सहावी-सातवी खरोखरच एका खोलीत असते. हे लक्षात न घेता दिलेला सल्ला शिक्षक मान डोलावून ऐकतो आणि तिथेच सोडून देतो.

उत्तर चूक आहे म्हणून पुढे जाणं

मला सगळ्यात महागात पडणारी चूक ही वाटते, म्हणून इथे जरा थांबतो.

सातवीचा वर्ग. फळ्यावर ३क्ष = १२. एका मुलाच्या वहीत क्ष = ९. मागे बसलेले मार्गदर्शक ते पाहतात आणि नोंद करतात: ‘समीकरण सोडवता येत नाही, सराव द्यावा.’ बाई दहा गणितं देतात आणि पोरगं दहाच्या दहा त्याच पद्धतीने चुकवतं.

तास संपल्यावर हेच बोलणं असंही होऊ शकतं:

“मॅडम, याने ९ कुठून आणले असतील?”

“निष्काळजीपणा, सर. सांगून सांगून थकले.”

“बाजू बदलली की चिन्ह बदलतं, हे त्याला पाठ आहे का?”

“ते अगदी पक्कं आहे.”

“मग त्याने तेच केलेलं दिसतंय. तीन उजवीकडे नेले, चिन्ह बदललं, बारा वजा तीन.”

इथे बाईंच्या लक्षात येतं की नियम पाळूनच उत्तर चुकलंय. पण लगेच निष्कर्षावर उडी मारू नका, कारण याच ९ ला दुसरंही कारण असू शकतं. ३क्ष हे ‘तीन अधिक क्ष’ असं वाचणारी मुलं असतात. त्यांच्या हिशेबाने ३ + ९ = १२, म्हणजे उत्तर बरोबरच. तर मुलाला बोलवा आणि म्हणा, “क्षच्या जागी नऊ घालून बघ बरं.” तो “तीन नवे सत्तावीस” म्हणून अडखळला, तर गडबड चिन्हाच्या नियमात आहे. “तीन अधिक नऊ बारा, बरोबर” म्हणाला, तर ३क्ष म्हणजे काय हेच त्याला कळलेलं नाही. पहिल्याला दोन्ही बाजूंना तीनने भागणं दाखवावं लागेल, तराजूच्या दोन पारड्यांतून. दुसऱ्याला क्ष + क्ष + क्ष इथपासून सुरुवात करावी लागेल. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही आणि सरावाची दहा गणितं दोघांनाही उपयोगाची नाहीत.

मार्गदर्शकाचं खरं काम या पाच मिनिटांत असतं. त्यासाठी त्याला स्वतःला हे गणित दोन-तीन तऱ्हांनी चुकवून बघता यायला हवं.

वह्या बघताना एक अडचण येते. बऱ्याच वह्यांतली गणितं फळ्यावरून उतरवलेली असतात, त्यामुळे सगळ्यांची बरोबर आणि सगळ्यांची सारखी. अशा वेळी पाच मिनिटांची चिठ्ठी द्या, नाव न लिहिता. तीन प्रश्न पुरतात: ०.४५ आणि ०.६ यांत मोठी संख्या कोणती? १/२ + १/३ किती? ८ + ४ = □ + ५, तर चौकटीत काय? तिसऱ्या प्रश्नात १२ लिहिणारी मुलं आठवीतही निघतात, कारण त्यांच्या लेखी बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’ असा हुकूम असतो. ज्याला हे चिन्ह असं दिसतं, त्याला समीकरण शिकवणं म्हणजे फुकटची दमछाक.

मग शिक्षकाबरोबर बसून चिठ्ठ्यांचे ढीग करा, पण गुणांनुसार नको. २/५ लिहिणारे एकीकडे, कोरा कागद देणारे दुसरीकडे. ‘बावीस मुलांना दहापैकी तीन’ यावरून काहीच ठरवता येत नाही. ‘चौदा मुलांनी अंश अंशात आणि छेद छेदात मिळवले’ एवढं कळलं की उद्याचा तास ठरतो.

नियम सांगितला म्हणून शिक्षकाला नावं ठेवणं

‘उलटा करून गुणा’, ‘वजा वजा अधिक’, ‘बाजू बदल, चिन्ह बदल’. हे ऐकलं की मार्गदर्शकांच्या कपाळावर आठी पडते आणि ‘घोकंपट्टी नको, संकल्पना समजावा’ असा उपदेश होतो. पण त्या शिक्षकालाही शाळेत नियमच मिळाला होता. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी विज्ञान आणि गणित मिळून एक शिक्षक मोजला जातो. त्यामुळे त्या जागेवर आलेल्या पदवीधर शिक्षकाचा मूळ विषय वनस्पतिशास्त्रही असू शकतो. ज्या प्रश्नाचं ‘का’ आपल्यालाच कोणी सांगितलं नाही, ते वर्गात कसं सांगणार?

उपदेशाऐवजी केंद्राच्या शिक्षण परिषदेत हे करून बघा. सगळ्यांना ३/४ ÷ १/८ द्या. उत्तर लगेच येईल, सहा. मग म्हणा, “याचं शाब्दिक उदाहरण तयार करा.” खोली शांत होते. हमखास येणारं उदाहरण असं: पाऊण किलो शेंगदाणे आठ मुलांना वाटले, तर प्रत्येकाला किती? यात आठने भागलंय, एक अष्टमांशने नाही. हे कोणी तरी ओळखेपर्यंत आपण बोलायचं नाही. मग दुकानात चला. पाऊण किलो शेंगदाणे आहेत, अदपावाच्या पुड्या किती होतील? अदपाव म्हणजे सव्वाशे ग्रॅम, किलोचा आठवा भाग. पावात दोन पुड्या, पाऊणमध्ये तीन पाव, म्हणून सहा पुड्या. भागाकार करूनही उत्तर मोठं का आलं, याचं उत्तर इथे आपोआप मिळतं. आणि एका किलोत आठ पुड्या होतात, म्हणून पाऊण किलोत पाऊण गुणिले आठ. ‘उलटा करून गुणा’ तो हाच. नियम टाकून द्यायचा नाही, तो कुठून आला ते दाखवायचं. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द रोज वापरणाऱ्या मुलांना तो हिशेब तोंडी येत असतो, पुस्तकातल्या अपूर्णांकाशी त्याची गाठ कोणी घालून दिलेली नसते एवढंच.

शिक्षकांनी स्वतः गणित केलं, अडले, हसले, वाद घातला, असा तास एखाद्या तज्ज्ञाच्या तीन तासांच्या सादरीकरणापेक्षा मला कधीही परवडतो. तिथे वयाने आणि पदाने मोठ्या माणसाला चुकायला जागा मिळाली पाहिजे. म्हणून पहिलं उदाहरण कधीही एखाद्याला उभं करून विचारू नका, जोडीने करायला सांगा.

मध्येच खडू हातात घेणं

शिक्षक फळ्यावर चुकतात. उत्साही मार्गदर्शक उठतात, “थांबा, मी सांगतो,” म्हणून खडू घेतात. मुलांना योग्य रीत कळते, पण त्या शिक्षकाचा वर्गातला मान गेला तो गेला. चूक फारच मोठी असेल, तर “सर, हे अजून एका तऱ्हेने बघूया का?” एवढं म्हणावं आणि पुढचं त्यांच्याकडून येऊ द्यावं. एरवी तास संपेपर्यंत धीर धरावा.

“तुम्हीच घेऊन दाखवा ना” असं शिक्षक स्वतः म्हणाले, तर जरूर घ्या. मात्र पाठाची आखणी दोघांनी मिळून करा आणि शिक्षकांना मागे बसवून एक काम द्या: कोपऱ्यातली ती चार मुलं काय लिहितात, काय खोडतात, तेवढंच टिपायचं. नाहीतर प्रात्यक्षिक पाठ बघण्याचा कार्यक्रम होतो. ‘सरांना जमतं, आम्हाला कसं जमणार’ असं म्हणून लोक घरी जातात.

एका भेटीत दहा सूचना

फळ्याचं अक्षर, बैठक व्यवस्था, गटकार्य, गृहपाठ, कपाटात पडलेली गणित पेटी, सगळं एकाच दमात. शिक्षक त्यातली सगळ्यात सोपी सूचना पाळतो, म्हणजे बहुधा बैठक व्यवस्था. एका भेटीत गणिताची एकच गोष्ट धरा आणि पुढच्या भेटीत तीच विचारा.

शाळा इतक्या आणि माणसं किती, हा प्रश्न इथे येतोच. महाराष्ट्रात केंद्रप्रमुखांची ४,८६० पदं मंजूर आहेत, पण रिकामी पदं आणि अतिरिक्त कार्यभार कोणाला नवे नाहीत. अमेरिकेतले शिक्षण-संशोधक मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये शिक्षकांच्या वर्गातल्या मार्गदर्शनाच्या ६० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. बहुतेक अभ्यास अमेरिकेतले होते. शिकवण्यात आणि मुलांच्या शिकण्यात फायदा दिसला, पण कार्यक्रम मोठे झाले की तो बराच उतरला. आपल्याकडच्या माणसाला हे वाचून नवल वाटणार नाही. माझ्या मते सगळ्या शाळांना वर्षातून एकदा हात लावण्यापेक्षा एका सत्रात तीन-चार शिक्षक निवडावेत आणि एकाच घटकावर त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जावं. बाकीच्यांची तक्रार येईल, येऊ द्या.

तपासणी आणि मदत एकाच खिशात

सकाळी पोषण आहाराची नोंदवही तपासली, दुपारी म्हणालात “आता मोकळेपणाने अडचणी सांगा”. कोण सांगणार? दोन्ही कामं तुमच्याच गळ्यात असतील, तर निदान दिवस वेगळे ठेवा. मदतीच्या दिवशीचं काहीही शेरेबुकात लिहायचं नाही आणि हे आधीच सांगायचं. फोटोही नको. ग्रुपवर चुकीच्या वहीचा एक फोटो गेला, की त्या शाळेची दारं वर्षभर अर्धीच उघडतात.

नेहमी येणारे अडथळे

“मुलांना पाढेच येत नाहीत, गणित कसलं शिकवू?” हे ऐकून वाद घालू नका, ते बहुधा खरं असतं. पाढ्यांचा तक्ता भिंतीवर राहू द्या, बघून गुणाकार करायला परवानगी द्या आणि प्रमाणाचा धडा चालू ठेवा. पाढ्यांसाठी रोजची दहा मिनिटं वेगळी. पाढे येईपर्यंत प्रमाण थांबवलं, तर वर्ष संपतं आणि दोन्ही राहतात.

“शिष्यवृत्ती आणि एनएमएमएसचा निकाल मागतात हो, तुमच्या संकल्पना कुठे घेऊ?” (एनएमएमएस ही आठवीतल्या मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा.) ही ओढाताण शिक्षकाने निर्माण केलेली नाही, तेव्हा त्याला सुनावू नका. त्याच सरावसंचातले दोन प्रश्न घ्या आणि चुकीच्या पर्यायापर्यंत मूल कसं पोचतं ते दोघांनी शोधा. चुकीचे पर्याय बऱ्याचदा मुलांच्या ठरावीक चुकांवरूनच बनवलेले असतात, म्हणजे आपलं निम्मं काम पेपर काढणाऱ्यानेच केलेलं असतं.

काही शिक्षक प्रत्येक प्रश्नाला “सगळं व्यवस्थित आहे, सर” एवढंच म्हणतात. त्यांना शिकवण्याबद्दल विचारू नका. एखाद्या मुलाची चिठ्ठी पुढे ठेवून “याने असं का केलं असेल?” असं विचारा. स्वतःबद्दल न बोलणारा माणूस मुलांबद्दल बोलतो.

आणि कधी तरी शिक्षकच तुम्हाला विचारतील, “पण वजा गुणिले वजा अधिक का होतं हो?” कर्ज आणि देण्याघेण्याच्या गोष्टी रचत बसू नका, त्या दुसऱ्या वाक्यात गुंततात. (−२) × ३ = −६ लिहा. खाली (−२) × २ = −४, (−२) × १ = −२, (−२) × ० = ०. प्रत्येक ओळीत उत्तर दोनाने वाढतंय. पुढची ओळ (−२) × (−१). खडू त्यांच्या हातात द्या.