घरी बीपी दर वेळी वेगळं येत होतं, ते असं ताळ्यावर आणलं

आकडे लागोपाठ 158, 141, 149 असे उड्या मारायला लागले की बहुतेकांना यंत्रावर संशय येतो. इथे दोष निघाला पट्ट्याचा. दंडाचा घेर 34 सें.मी. आणि पट्टा 22 ते 32चा. घट्ट, लहान पट्टा आकडा वाढवूनच दाखवतो. दंड टेपने मोजून योग्य मापाचा पट्टा घेतला.

दुसरी गोष्ट हाताची. हात मांडीवर राहिला की तो हृदयाच्या खाली जातो आणि दर 10 सें.मी.ला साधारण 7 ते 8 अंक वाढतात. टेबलावर उशी ठेवून पट्टा छातीच्या मध्याशी आणला. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, लघवी करून आलेले, पाच मिनिटं शांत. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नाही. मोजताना बोलायचं नाही (हे सगळ्यात अवघड!). पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नको.

सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढली. घरची सरासरी 135/85 किंवा वर असेल तर वही डॉक्टरांना दाखवा; गोळीचा डोस स्वतः बदलू नका. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन चालू असेल तर तेही सांगा, त्याने बीपी चढतं.

180/120च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं असेल तर पुन्हा मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा.