पानावर जाऊ नका, कळी पाहा: किनारपट्टीवरील स्वॅम्प महोगनीची ओळख

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर सखल, पाणथळ जमीन असलेल्या शेतकऱ्यांनी आणि मधपाळांनी बांधावरची निलगिरी ओळखून ठेवायला हिवाळ्याइतका सोयीचा काळ नाही. स्वॅम्प महोगनी, म्हणजे युकॅलिप्टस रोबस्टा, याच थंडीत फुलते. मोहोर आणि जुनी फळे एकाच झाडावर सापडली की निम्मे काम झालेच.

घोटाळा होतो तो बँगॅलेशी (युकॅलिप्टस बोट्रिऑइडिस). न्यूकॅसल ते मोरुया या पट्ट्यात दोन्ही झाडे आढळतात. दोघांचीही पाने रुंद, वरून गडद चकचकीत आणि खालून फिकट असतात. नुसते पान हातात घेऊन झाडाचे नाव सांगणाऱ्याचे मी तरी ऐकत नाही. बुंध्याला फुटलेल्या धुमाऱ्यांची पाने तर त्याहून फसवी.

कळ्यांची एक डहाळी काढा. रोबस्टाच्या एका गुच्छात साधारण 9 ते 15 कळ्या असतात. कळी सुमारे दोन सेंटिमीटर लांब, तिला स्वतःचा देठ आणि टोपीला पुढे काढलेली लांब चोच. बँगॅलेच्या कळ्या लहान, टोपी आखूड आणि कळी जवळजवळ बिनदेठाची, मुख्य दांड्यालाच चिकटलेली. ही टोपी म्हणजेच फुलाचे झाकण. फूल उमलताना ती गळून पडते, म्हणून झाडाखालचा पाचोळाही चाळावा.

फळ त्याहून खात्रीचे. रोबस्टाचे फळ नळकांड्यासारखे, 10 ते 18 मिलिमीटर लांब. तोंडाशी पाहिलेत तर झडपा बहुधा एकमेकींना आडव्या जोडलेल्याच राहिलेल्या दिसतात. साधे भिंग पुरते. मात्र फळ त्याच झाडाचे आहे ना, हे फांदीवर बघून घ्या. वाऱ्याने शेजारच्या झाडाची फळेही येऊन पडतात.

साल लांबूनच कळते. रोबस्टाची जाड, तांबूस-तपकिरी, अंगठ्याने दाबली तर स्पंजासारखी, आणि थेट बारीक फांद्यांपर्यंत खरबरीत. बँगॅलेच्या वरच्या फांद्या गुळगुळीत असतात. बुंधा खरबरीत पण वर चट्ट्याचट्ट्याने गुळगुळीत असे अर्धवट रूप दिसले तर संकराची शंका घ्या. फॉरेस्ट रेड गम या दुसऱ्या एका निलगिरीशी रोबस्टाचा संकर होतो, आणि असे झाड कुठल्याच वर्णनात नीट बसत नाही. तिथे हट्टाने नाव ठोकू नये.

एवढी यातायात कशासाठी? मधपाळाला थंडीत मकरंद आणि पराग देणारे झाड हवे असते, आणि कोआलाही याची पाने खातो. शिवाय न्यू साउथ वेल्समध्ये किनारी पूरमैदानांवरचे असे पाणथळ जंगल संकटग्रस्त म्हणून नोंदलेले आहे. तोडायच्या किंवा छाटायच्या आधी कळ्या, फळे आणि सालीचे फोटो, जमिनीच्या ओलीची नोंद घेऊन लोकल लँड सर्व्हिसेस या तिथल्या सरकारी संस्थेच्या कार्यालयात विचारा. करवत त्यानंतर.