उसाच्या ट्रॉलीच्या टायरमध्ये हवा किती भरायची?

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला पंधरा-सोळा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतात, म्हणून ट्रॉलीलाही तशीच कमी हवा ठेवणारे बरेच आहेत. ट्रॉलीचा टायर लहान आणि बोजा मोठा, त्यामुळे तिथे चार-पाच पट हवा लागते. नेमकी किती, हे टायरवरचे आकडे आणि वजनकाटा मिळून सांगतात.

आधी टायरची बाजू पुसून वाचा. मापाजवळ १६ पीआर असं काही असतं. तो टायरच्या ताकदीचा दर्जा, हवेचा आकडा नव्हे. एका टायरने जास्तीत जास्त किती किलो पेलायचे आणि त्यासाठी किती हवा, हे बहुतेक टायरवर वेगळं छापलेलं असतं. आकडा केपीए या दुसऱ्या मापात असेल तर १०० केपीए म्हणजे १४.५ पीएसआय.

मग वजन. भरलेल्या चारचाकी ट्रॉलीची फक्त मागची चाकं काट्यावर घ्या, नंतर फक्त पुढची. मोळ्या दोन्हीकडे सारख्या कधीच बसत नाहीत, म्हणून एका चाकाच्या वाट्याला दहा टक्के वाढवून धरा. समजा मागच्या चाकांवर ३,८०० किलो भरले: एका चाकावर १,९००, वाढवून २,०९०. टायरवर २,२०० किलोला ८० पीएसआय छापलं असेल, तर २,०९० भागिले २,२०० गुणिले ८०, म्हणजे ७६ पीएसआय. या हिशेबात हवा गरजेपेक्षा किंचित जास्त निघते, ते बरंच. कंपनीचा तक्ता हाताशी असेल तर तोच धरा. आणि वजन छापील मर्यादेबाहेर गेलं तर हवा वाढवून भागत नाही. मोळ्या कमी करायच्या.

हवा मोजायची ती टायर गार असताना, ट्रॉली निदान तीन तास उभी राहिल्यावर. रिकामी की भरलेली, याने गेजवर फारसा फरक पडत नाही, तापमानाने पडतो. ७० पीएसआयच्या टायरमध्ये दहा अंशांना साधारण तीन पीएसआय. दिवाळीत भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे कमी दिसते ती यामुळेही. उलट, कारखान्यावर पोचल्यावर तापलेल्या टायरची हवा जास्त दिसली म्हणून सोडू नका. लाथ मारून किंवा टॉमीने ठोकून ७६ आणि ५० यातला फरक कुणालाही कळत नाही, कितीही अनुभवी असला तरी.

कमी हवेने टायरची बाजू सतत दुमडते, आतून तापते, धागे सुटतात आणि शेवटी टायर फुटतो. जास्त हवेने मधली नक्षी आधी झिजते आणि रिकामी ट्रॉली खड्ड्यात उडते. कमी हवेची आणखी एक खूण व्हॉल्व्हवर दिसते: तो छिद्रात सरळ उभा नसून तिरका झालेला असतो. म्हणजे टायर डिस्कवर, म्हणजे चाकाच्या लोखंडी चकतीवर, सरकतोय आणि ट्यूबला ओढतोय. वरून हवा भरून तो सरळ होत नाही. हवा पूर्ण सोडा, टायर डिस्कपासून सुटा करून ट्यूब सरळ बसवा, मगच भरा; नाहीतर व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो.

ठरवलेल्या हवेपेक्षा वीस टक्क्यांहून जास्त कमी असलेल्या हवेवर भरलेली ट्रॉली चालली असेल, तर टायर उतरवून आतून तपासल्याशिवाय त्यात हवा भरू नका. लॉक रिंगच्या (टायर जागेवर धरणारी सुटी लोखंडी कडी असलेल्या) डिस्कवर भरताना लांब नळी आणि व्हॉल्व्हला आपोआप धरून राहणारं चिमट्याचं तोंड वापरा आणि चाकासमोर नाही, बाजूला उभं राहा. रिंग नीट बसली नसेल तर ती गोळीसारखी सुटते.